सायकलस्वार आणि गाडीवाला : रस्त्यावर ठिणगी पाडणाऱ्या या चुका टाळा

शहरातल्या रस्त्यावर सायकलस्वार आणि गाडीवाल्यांचे खटके उडतात ते बहुतेक वेळा एकाच समजुतीतून : समोरच्याने हे मुद्दाम केलं.

लेनच्या मधून चाललेली सायकल घ्या. मागच्याला वाटतं, रस्ता अडवून धरलाय. पण उभ्या गाडीचा दरवाजा उघडला की तो जवळपास मीटरभर बाहेर येतो. कडेला गटारांची झाकणं, काचा आणि खड्डे असतात. लेन अरुंद असेल तर कडेने चालणाऱ्याला गाड्या घासून जातात, म्हणून जाणता सायकलस्वार मध्येच राहतो. अशा वेळी पाठीशी येऊन हॉर्न दाबणं ही सगळ्यात मोठी चूक. दचकून हँडल हललं तर सायकल गाडीकडेच झुकू शकते. वेग कमी करा, शेजारची लेन मोकळी होऊ द्या आणि मगच पुढे काढा.

अंतर किती ठेवायचं? जर्मनीत 2020 पासून शहरात किमान दीड मीटर ठेवण्याचा नियम आहे. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तिकेत, 2022 पासून ताशी 30 मैलांपर्यंतच्या वेगाला तेवढंच सांगितलं आहे, वेग वाढला तर आणखी. हे अंतर जास्त वाटतं, पण सायकल कधीच आखल्यासारखी सरळ जात नाही. एक खड्डा चुकवायचा तरी ती हातभर बाजूला येते.

याहून घातक म्हणजे सायकलला मागे टाकून लगेच तिच्यासमोरून वळणं. सायकल हळू असते हा अंदाज इथे दगा देतो. ताशी 20-25 किलोमीटर वेगाने चाललेली सायकल सेकंदाला सहा-सात मीटर कापते. वळण जवळ आलं असेल तर मागेच राहा. फार तर काही सेकंद जातील.

दरवाजाचा उपाय अगदी सोपा आहे : दरवाजाकडचा नव्हे, दुसरा हात वापरा. उजवीकडे बसला असाल तर डाव्या हाताने उघडा. अंग आपोआप वळतं आणि नजर आरशाकडे व मागे जाते. मागच्या सीटवरच्यांनाही हे सांगा, लहान मुलांना तर नक्कीच.

आता सायकलवाल्यांकडे. सिग्नलला उभ्या ट्रक किंवा बसच्या कडेने, ती ज्या बाजूला वळणार तिथून पुढे घुसू नका. उंच केबिनमधून अगदी शेजारचा माणूस दिसत नाही, आणि वळताना मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून येतात. ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही असंच धरा आणि मागे थांबा. बाजू बदलण्याआधी मागे वळून बघा, मग हात दाखवा. उलट्या दिशेने येणं, लाल सिग्नल तोडणं, रात्री दिव्याशिवाय फिरणं याबद्दल वेगळं सांगायला नको.

दोघांनीही नियम पाळायचेच, पण माझ्या मते जास्त सांभाळायचं गाडीवाल्याने. धडक झाली तर त्याच्या पत्र्याला पोचा येतो, समोरच्याचं हाड मोडतं.

तरीही खटका उडालाच तर? बॉनेटवर हात आपटू नका, पाठलाग करू नका. गाडीवाल्याने धडा शिकवायला समोर जाऊन ब्रेक मारणं म्हणजे तर थेट जिवाशी खेळ. पुढच्या सिग्नलला बोलायची वेळ आलीच तर आवाज न चढवता एवढंच म्हणा, “फार जवळून गेलात हो, हँडल लागलं असतं.” कित्येकांना ते कळलेलंच नसतं. तो वाद घालू लागला तर बाजूला व्हा. हात थरथरत असतील तर लगेच सायकलवर बसू नका.

धक्का लागलाच असेल तर नंबर, जागा आणि वेळ तिथेच टिपून ठेवा, आसपासच्या साक्षीदारांचे फोन नंबर घ्या. कॅमेऱ्याचं चित्रीकरण काटछाट न करता जपा. अंगावर खूण नसली तरी डोक्याला मार बसला असेल तर डॉक्टरांना दाखवा. हेल्मेट आपटलं असेल तर नवीन घ्या, आणि ब्रेक, चाकं व फोर्क (पुढचं चाक धरणारा दांडा) तपासल्याशिवाय सायकल चालवू नका.