ऑनलाइन दुकानातील डिजिटल विक्री आणि जीएसटी : कोल्हापूरच्या विक्रेत्यांसाठी
डाउनलोड करून मिळणारी ई-पुस्तके, रेकॉर्ड केलेले अभ्यासवर्ग किंवा दागिन्यांच्या डिझाइनच्या फाइल्स जीएसटी कायद्याच्या दृष्टीने माल नसून सेवा आहेत आणि पुढचे बरेचसे निर्णय याच गोष्टीवर ठरतात. महाराष्ट्रात केवळ माल विकणाऱ्याला सर्वसाधारणपणे वर्षाला ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी करावी लागत नाही. सेवा देणाऱ्यासाठी ही मर्यादा २० लाख आहे. चप्पल लाइनमध्ये दुकान असलेल्या एखाद्या व्यापाऱ्याची उलाढाल २८ लाख असेल आणि त्याने त्याच पॅनवर चप्पल बनवण्याचा व्हिडिओ अभ्यासक्रम विकायला काढला, तर त्यातून जेमतेम काही हजार रुपये मिळाले तरी तो ‘केवळ माल’ विकणारा उरत नाही, दोन्ही विक्री एकत्र धरली जाते आणि ३० दिवसांत नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. डिजिटल विक्रीकडे जोडधंदा म्हणून पाहणाऱ्यांनी हा हिशेब दुकान सुरू करण्यापूर्वीच करावा. एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर अशी सेवा परराज्यातील ग्राहकाला दिली तरी तेवढ्यासाठी नोंदणीची सक्ती नाही; मात्र नोंदणी नसताना ग्राहकाकडून कर घेता येत नाही.

नोंदणी झाल्यावर दराचा प्रश्न येतो. सर्वसाधारण दर १८ टक्के आहे. छापील पुस्तकावर कर नाही, त्याच पुस्तकाच्या ई-आवृत्तीवर ५ टक्के आहे; पण जे कधी छापलेच गेले नाही, अशा पीडीएफला १८ टक्केच लागतात. म्हणून दुकानात प्रत्येक उत्पादनाला त्याचा करवर्ग वेगळा नेमून द्यावा, सरसकट एकच दर ठेवू नये.

कोल्हापूरकरांनी सर्वाधिक लक्ष ग्राहकाच्या राज्याकडे द्यायला हवे. गडहिंग्लजच्या ग्राहकाला विक्री झाली की ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा कर लागतो. निपाणी हाकेच्या अंतरावर असली तरी ती कर्नाटकात, त्यामुळे तिथल्या ग्राहकाच्या बिलावर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीवरचा एकत्रित जीएसटी येतो. ग्राहकाने भरायची रक्कम दोन्हीकडे सारखीच असते, पण कर चुकीच्या खात्यात भरला तर तो योग्य खात्यात पुन्हा भरून आधीच्या रकमेचा परतावा मागण्याची वेळ येते. डिजिटल विक्रीत पार्सल पाठवायचे नसल्याने पत्ता विचारण्याचे राहून जाते. ऑनलाइन सेवेच्या बिलावर नोंदणी नसलेल्या ग्राहकाचेही राज्य लिहिणे, रक्कम कितीही लहान असली तरी, बंधनकारक आहे. पैसे भरण्याच्या पानावर राज्याचा रकाना सक्तीचा करावा आणि ऑनलाइन दुकान चालवण्याच्या वूकॉमर्ससारख्या प्रणालीत कराची आकारणी ग्राहकाच्या बिलिंग पत्त्यावरून होईल अशी मांडणी करावी. किंमत करासह दाखवणे ग्राहकाला सोयीचे पडते : ५९० रुपयांत ५०० मूळ किंमत आणि ९० कर. परराज्यात विक्री करायची असल्यास कंपोझिशन योजनेचा, म्हणजे छोट्या व्यावसायिकांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या योजनेचा विचार सोडून द्यावा, कारण तिच्यात आंतरराज्य विक्रीला मुभा नाही.

दुसऱ्याच्या मार्केटप्लेसवरून विक्री केल्यास ती कंपनी निव्वळ करपात्र विक्रीवर ०.५ टक्का टीसीएस (विक्रेत्याच्या पैशांतून आधीच कापून सरकारकडे भरला जाणारा कर) कापते. ही रक्कम जीएसटी पोर्टलवर स्वीकारली की आपल्या रोख खात्यात जमा होते.

परदेशातील ग्राहकाकडून पैसे परकीय चलनात आले आणि निर्यातीच्या इतर अटी पूर्ण झाल्या, तर ती विक्री शून्य दराची ठरते. कर न भरता ती करायची असेल, तर विक्रीपूर्वी पोर्टलवर एलयूटी, म्हणजे निर्यातीच्या अटी पाळण्याचे हमीपत्र दाखल करावे लागते आणि दर आर्थिक वर्षी ते नव्याने द्यावे लागते. मात्र भारतात कर लागला नाही म्हणून तिकडचा कर चुकत नाही. युरोपीय संघातील खासगी ग्राहकाला डिजिटल सेवा विकणाऱ्या भारतीय विक्रेत्याला तिथला व्हॅट पहिल्या विक्रीपासून लागू होतो, म्हणून छोट्या विक्रेत्याने तिकडची विक्री शक्यतो अशा मंचावरून करावी, जो स्वतः विक्रेता म्हणून हा कर भरतो.