कृत्रिम बुद्धिमत्तेला कायद्याने व्यक्ती मानावे का, हे कसे तपासावे

अभिरूप न्यायालयात (विधी शाखेच्या विद्यार्थ्यांच्या सराव-खटल्यात) किंवा निबंधस्पर्धेत हा विषय आला की बहुतेक विद्यार्थी ‘यंत्राला जाणीव असते का’ येथून सुरुवात करतात आणि तेथेच अडकून पडतात. तो प्रश्न आधी बाजूला ठेवावा. कंपनीला जाणीव नसते, तरीही ती करार करते आणि दावा लावते. उलट बैलाला वेदना होतात हे कोणी नाकारत नाही, पण जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींविषयीच्या मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले नाही. व्यक्ती कोणाला म्हणायचे हे कायदा मनात डोकावून ठरवत नाही, व्यवहाराची गरज पाहून ठरवतो.

त्यानंतर एखाद्या देवस्थान इनाम जमिनीचा सातबारा समोर घ्यावा. भोगवटादार म्हणून तेथे देवाचे नाव असते. जमिनीची व्यवस्था मात्र वहिवाटदार पाहतो. मूर्ती ही विधिक व्यक्ती (माणूस नसूनही कायद्याने व्यक्ती मानलेली) आहे, हे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने) १९२५ साली मान्य केले, देवाच्या उत्पन्नावर प्राप्तिकर आकारता येतो असे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली सांगितले, आणि पुजारी हा जमिनीचा मालक नव्हे हे त्याच न्यायालयाने २०२१ साली पुन्हा स्पष्ट केले. या सातबाराच्या उताऱ्यावरून तीन कसोट्या हाती लागतात: त्या व्यक्तीची स्वतःची मालमत्ता आहे का, तिच्या वतीने वागणारा माणूस कोण, आणि त्या माणसाला जाब विचारणारे कोणी (आपल्याकडे सार्वजनिक न्यासांबाबत धर्मादाय आयुक्त) आहे का. सातबारावरचा देव या तिन्हींत उतरतो, म्हणूनच हा व्यवहार इतकी वर्षे चालला आहे.

या कसोट्यांना बगल दिली की काय होते, हे गंगा-यमुनेच्या प्रकरणात दिसते. मार्च २०१७ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने या नद्यांना विधिक व्यक्ती ठरवून काही अधिकाऱ्यांना त्यांचे पालक नेमले. तेव्हा पुरात नुकसान झालेल्यांनी दावा लावला तर भरपाई कोणी द्यायची, असा पेच घेऊन राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलैमध्ये आदेशाला स्थगिती मिळाली.

आता याच कसोट्या संगणकीय प्रणालीला लावाव्यात. येथे माझ्या मते देवापेक्षा जहाजाचे उदाहरण अधिक उपयोगी पडते. नौअधिकार क्षेत्रात, म्हणजे जहाजांविषयीच्या दाव्यांत, मुंबई उच्च न्यायालयात थेट जहाजाविरुद्ध दावा लावता येतो, अटकेचे वॉरंट जहाजावरच चिकटवले जाते, आणि मालक पुढे आला नाही किंवा तारण दिले नाही तर जहाज विकून देणे फेडता येते. जप्त करण्याजोगे काहीतरी बंदरात उभे असते, म्हणून ही पद्धत चालते. सॉफ्टवेअरची प्रत जप्त केली तर दुसरी प्रत त्याच दिवशी दुसऱ्या सर्व्हरवर सुरू होईल. ज्याच्याकडे गमावण्यासारखे काही नाही, अशा प्रतिवादीविरुद्धचा हुकूमनामा भिंतीवर लावण्यापुरताच उरतो.

व्यक्तित्व मिळाल्याने फायदा कोणाचा होईल, हेही विचारावे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एका प्रवाशाला विमान कंपनीच्या चॅटबॉटने नातेवाइकाच्या निधनानंतरच्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. चॅटबॉट ही जणू स्वतंत्र विधिक व्यक्ती असून आपल्या कृतीला तीच जबाबदार आहे, असा बचाव कंपनीने घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील न्यायाधिकरणाने तो फेटाळून सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर देण्याचा आदेश दिला. रक्कम किरकोळ आहे, पण यंत्राचे व्यक्तित्व प्रत्यक्षात कोणाला हवेसे वाटते हे यातून उघड झाले. युक्तिवाद लिहिताना हे प्रकरण सोडू नये.

भारतीय कायद्यात खरोखर पोकळी आहे का, हे तपासणे पुढचे काम. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ११ नुसार एखाद्याने आपोआप चालण्यासाठी योजलेल्या प्रणालीने पाठवलेली इलेक्ट्रॉनिक नोंद त्या व्यक्तीचीच मानली जाते. त्यामुळे ‘करार यंत्राने केला, मी नाही’ हे म्हणणे फारसे टिकत नाही. यंत्राला शोधकर्ता मानावे का, याविषयीचे पेटंटचे खटले या चर्चेत मिसळू नयेत. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शोधकर्ता माणूसच असावा लागतो असे म्हटले, पण तो त्या पेटंट कायद्यातील शब्दाचा अर्थ होता.

विरुद्ध बाजू मात्र प्रामाणिकपणे मांडावी. प्रणाली एकाने बनवलेली, दुसऱ्याने तिला नवी माहिती शिकवलेली आणि तिसऱ्याने वापरलेली असेल, तर चूक नेमकी कोणाची हे सिद्ध करताना पीडिताची दमछाक होते. युरोपीय संसदेने फेब्रुवारी २०१७ च्या ठरावात ‘इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’ची कल्पना विचारार्थ मांडली, ती अशाच अडचणीपोटी. यावर मोटार वाहनाचे उदाहरण द्यावे: मोटार ही व्यक्ती नाही, तरी तिचा त्रयस्थ पक्ष विमा सक्तीचा आहे आणि अपघातग्रस्ताला भरपाई मिळते.

शेवटी आपला निष्कर्ष ‘होय’ असला, तर मसुद्यात तीन रकाने आखून त्या नव्या व्यक्तीची मालमत्ता, तिचा वहिवाटदार आणि त्याच्यावर देखरेख ठेवणारा अधिकारी यांची नावे भरावीत. एकही रकाना कोरा राहिला तर निष्कर्ष बदलावा.