पुस्तक स्वतः प्रकाशित करताना : निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावेत?

स्वतःचे पुस्तक स्वतः प्रकाशित करायला निघालेला लेखक बहुधा मुखपृष्ठाचा विचार सर्वांत आधी करतो. हे स्वाभाविक असले, तरी निर्मितीच्या क्रमात मुखपृष्ठ जवळजवळ शेवटी येते. पुस्तकाच्या आकारावर पृष्ठसंख्या अवलंबून असते, पृष्ठसंख्या आणि कागद यांवरून कण्याची, म्हणजे स्पाइनची, जाडी ठरते आणि ती कळल्याशिवाय मुखपृष्ठाची फाइल पूर्ण होऊ शकत नाही.

म्हणून पहिली अट अशी, की संहिता संपादन होऊन पक्की झालेली असावी. मुद्रितशोधन पुढेही चालते, पण मांडणी झाल्यावर एखादा परिच्छेद घातला किंवा काढला, तर पुढची सगळी पाने सरकतात आणि अनुक्रमणिकेतील आकडे चुकतात. 'छापण्याआधी एकदा पाहून घेऊ' म्हणून मागे ठेवलेले बदल मांडणीपूर्वीच करून टाकावेत.

त्यानंतर प्रतींची संख्या ठरवावी. ऑफसेट छपाईत आधी पानांच्या धातूच्या प्लेट बनवून त्यांवरून छापतात. या प्लेट तयार करण्याचा खर्च शंभर प्रतींना आणि हजार प्रतींना सारखाच येतो, त्यामुळे प्रती वाढतील तसा दर प्रतीचा खर्च उतरतो. डिजिटल छपाईला प्लेट लागत नाहीत. तेथे दर प्रतीचा खर्च फारसा बदलत नाही आणि मागणीनुसार थोड्या थोड्या प्रती काढता येतात. कमी दराच्या मोहाने मोठी आवृत्ती छापू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे वितरणाची जेवढी खरी सोय आहे, तेवढ्याच प्रती पहिल्या खेपेस काढाव्यात.

आकार निवडताना मजकुराचे स्वरूप पाहावे. कथा, कादंबरी, आत्मकथन यांना साडेपाच गुणिले साडेआठ इंचांचा आकार हातात धरायला सोयीचा पडतो. छायाचित्रे किंवा तक्ते असतील तर मोठा आकार लागतो. कवितासंग्रहात सर्वांत लांब ओळ न मोडता मावते का, हे आधी तपासावे. निवडलेला आकार छपाईच्या कागदात नीट बसतो का, हे मुद्रकाला विचारावे, नाहीतर कागद वाया जातो. ऑफसेटला पुस्तक साधारणपणे १६ पृष्ठांच्या फॉर्मांत, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या गटांत, छापले जाते. मजकूर २११ पृष्ठांवर संपला, तर १४ फॉर्म धरावे लागतात आणि शेवटी १३ पृष्ठे कोरी उरतात. तीन पृष्ठे आटोपशीर केली, तर २०८ पृष्ठांत, म्हणजे बरोबर १३ फॉर्मांत, पुस्तक बसते.

आतील पानांच्या मांडणीवर मात्र मनापासून वेळ खर्च करावा, कारण वाचक मुखपृष्ठ क्षणभर पाहतो आणि आतली पाने तासन् तास वाचतो. देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार येतात. त्यामुळे दोन ओळींत पुरेसे अंतर नसेल, तर वरच्या ओळीतील उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडतो. संगणकाच्या पडद्यावर हे लक्षात येत नाही. एकच पान दोन-तीन टंकांत, म्हणजे फॉन्टमध्ये, आणि निरनिराळे अंतर ठेवून प्रत्यक्ष आकारात कागदावर छापून पाहावे. टंक निवडताना 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द त्यात लिहून बघावेत. दोन्हींतील 'र' वेगळा आणि स्वच्छ उमटला पाहिजे. युनिकोड ही सर्व संगणकांवर चालणारी अक्षरपद्धती रूढ होण्यापूर्वीच्या जुन्या टंकांतील मजकूर रूपांतरित केलेला असेल, तर जोडाक्षरे नेमकी अशाच ठिकाणी बिघडतात, म्हणून रूपांतरानंतर संपूर्ण मजकूर पुन्हा वाचावा. टंकाचा परवाना छापील पुस्तकासाठी आणि ई-पुस्तकासाठी चालतो का, हेही पाहून ठेवावे. बांधणीकडचा समास बाहेरच्या समासापेक्षा मोठा ठेवावा. पुस्तक जितके जाड, तितका तो अधिक लागतो.

पृष्ठसंख्या निश्चित झाली, की कणा मोजता येतो. २०८ पृष्ठे म्हणजे १०४ पाने. एका पानाची जाडी ०.१ मिलिमीटर धरली, तर कणा सुमारे १०.४ मिलिमीटरचा होतो. यानंतर ३२ पृष्ठे वाढली, तर तो १.६ मिलिमीटरने रुंद होतो आणि जुन्या मापाने केलेले मुखपृष्ठ बसत नाही. कागदाची नेमकी जाडी मुद्रकाकडूनच घ्यावी, कारण सारख्या वजनाचे दोन कागद जाडीला वेगळे असू शकतात.

आता मुखपृष्ठ. चित्र प्रत्यक्ष छपाईच्या मापात ३०० डीपीआयचे, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांचे, असावे, रंग सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत, तपासलेले असावेत आणि कापणीसाठी चारही बाजूंना साधारण ३ मिलिमीटर जास्तीची जागा सोडलेली असावी. पुस्तके ऑनलाइन दिसतात ती अंगठ्याएवढ्या चित्रात, तेव्हा तेवढ्या आकारातही शीर्षक वाचता येते का, हे पाहावे. मलपृष्ठावरील बारकोडसाठी १३ अंकी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, आधीच मिळवलेला असावा. छापील आवृत्ती आणि ई-पुस्तक यांना स्वतंत्र क्रमांक लागतात.

सर्व प्रती छापण्यास संमती देण्यापूर्वी त्याच कागदावर छापलेली, बांधलेली एक नमुना प्रत मागून घ्यावी. ती बरोबर मध्यावर उघडावी आणि ओळींचे आतल्या बाजूचे शब्द, पुस्तक जोराने न दाबता, वाचता येतात का, हे पाहावे. येत नसतील, तर समास वाढवून पृष्ठसंख्या, कणा आणि मुखपृष्ठ यांचा हिशेब पुन्हा करावा.