थंडीत वायपर अडला? मोटर बदलण्याआधी कान लावा

टोरांटो-शिकागोकडे गाडी रात्रभर उघड्यावर राहिली, किंवा हिवाळ्यात हिमाचलात अटल बोगदा ओलांडून सिस्सूला मुक्काम केला, की सकाळी वायपरची रबरं काचेला घट्ट चिकटलेली असतात. आदल्या रात्री वायपर चालू असतानाच गाडी बंद केली असेल, तर चावी फिरवताच मोटर जोर लावते. रबर सुटत नाही, मग मधलं जे काही कच्चं असेल ते जातं. मोटर स्वतः बहुधा धडधाकट असते, आणि गॅरेजवाला मात्र पहिल्यांदा तीच बदलायला सांगतो.

वायपर अडल्याचं दिसताच स्विच बंद करा. बऱ्याच मोटरींमध्ये तापल्यावर करंट तोडणारा कट-आउट असतो, तो दहा मिनिटांत निवला की कधीकधी एवढ्यानेच काम भागतं. दरम्यान इंजिन चालू करून गरम हवा काचेवर सोडा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा (बंद गॅरेजमध्ये नको, आणि सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ आधी बाजूला करा). उकळतं पाणी ओतू नका, काच तडकते. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल दोन भाग आणि पाणी एक भाग, असं मिश्रण फवाऱ्याने रबरावर मारलं की बर्फ सुटतो. काच आणि बोनेटच्या मधल्या पन्हाळीत दाबून बसलेला बर्फ हाताने काढा. दांडा पूर्ण खाली येऊ शकला नाही, तर मोटर तिथेच कण्हत राहते.

आता स्विच टाका आणि ऐका.

मोटरचा आवाज येतो, एक दांडा फिरतो, दुसरा ढिम्म: नट सैल झालाय. थंडीतली ही सगळ्यात नेहमीची तक्रार. दांड्याच्या बुडाची प्लास्टिकची टोपी काढा. खाली बहुतेक गाड्यांत १३ किंवा १४ मिमीच्या पान्याचा नट असतो. नुसता आवळून मोकळे झालात, तर दोन दिवसांत पुन्हा तेच. दांड्याचं डोकं ॲल्युमिनिअमचं, आतला शाफ्ट पोलादी. घसरताना ॲल्युमिनिअमचा चुरा शाफ्टच्या दात्यांत भरतो आणि पकड जाते. म्हणून नट पूर्ण काढा, दांडा वर उचला, शाफ्टचे दाते तारेच्या ब्रशने चकचकीत करा. मोटर थांब्याच्या जागी आहे याची खात्री करून दांडा पूर्वीच्या जागी बसवा; काचेवर आधीच चिकटपट्टीची खूण केलेली असली तर अंदाज बांधावा लागत नाही. एका हाताने दांडा धरून गोटी पान्याने आवळा. ८ मिमी आट्याच्या नटाला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर पुरतात, पण गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा. डोक्यातले दाते सपाट झाले असतील तर दांडा नवाच घ्या. जाम बसलेला दांडा स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका. गंजाचं तेल सोडा आणि छोटा पुलर (दांडा ओढून काढायचं अवजार) लावा.

आवाज येतो, पण दोन्ही दांडे ढिम्म: आतल्या लिंकेजचा (मोटरची हालचाल दांड्यांपर्यंत नेणाऱ्या पट्ट्यांचा) गोळा वाटीतून निसटलाय. आधी फ्यूज काढा, कारण लिंकेज अचानक हललं तर बोट चिरडतं. मग काचेखालचं प्लास्टिकचं झाकण काढा. थंडीत त्याच्या क्लिपा कडकड तुटतात, तेव्हा गाडी आधी उबेला न्या. गोळा पुसून, ग्रीस लावून वाटीत दाबून बसवा. वाटीला चीर असेल तर ती पुन्हा सुटणारच. घरी पोचेपर्यंत केबल-टाय आवळून चालतं, नंतर बुश किंवा अख्खं लिंकेज बदला.

आवाजच नाही: फ्यूज पाहा. पिवळा २० अँपिअरचा, पारदर्शक २५ चा, हिरवा ३० चा. जेवढ्याचा गेला तेवढ्याचाच लावा. मोठा लावला तर पुढच्या वेळी तार जळेल. नवाही लगेच उडाला तर लिंकेज मोटरपासून सोडवून दांडे हाताने फिरवून बघा. जड गेले तर रस्त्यावरच्या मिठाने शाफ्ट गंजून जाम झालेत. गंजाचं तेल आणि नवं ग्रीस द्या. फ्यूज शाबूत, मोटरच्या कनेक्टरवर टेस्टलॅम्प (वीज पोचते का ते दाखवणारा दिवा) पेटतो, अर्थिंगही पक्कं आहे आणि तरी आवाज नाही, तरच मोटरचा खर्च काढा.

रात्री गाडी लावताना वायपर स्विचने थांबवा, मग चावी काढा. ऑटो मोडही बंद ठेवा. जमत असेल तर दांडे उभे करून ठेवा, फार वारा नसेल तेव्हाच. वॉशरच्या टाकीत साधं पाणी नको, थंडीचा द्रव भरा. ब्लेड काढलेला दांडा उभा असेल, तर काचेवर जाड टॉवेल टाका. स्प्रिंगच्या जोराने तो आपटला की काच गेलीच.