जेजुरीचा कुळाचार: कधी जावं, काय न्यावं, गडावर काय करावं

तारीख ठरवताना आधी पंचांग बघा. रविवार हा खंडोबाचा वार, त्यामुळे दर रविवारी गडावर दाटी असतेच. चैत्र, पौष आणि माघ पौर्णिमा, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून चंपाषष्ठीपर्यंतचे सहा दिवस, दसरा आणि सोमवारी येणारी अमावास्या म्हणजे सोमवती, हे यात्रेचे दिवस. लग्नसराईत नवरा-नवरीच्या जोड्यांची त्यात भर पडते. यात्रा अनुभवायची असेल तर हेच दिवस धरा. पण तळी भरायची आहे, म्हणजे पानं-सुपारी, खोबरं, भंडारा मांडलेलं तामण देवासमोर उचलायचं आहे, नैवेद्य दाखवायचा आहे, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना निवांत दर्शन घडवायचं आहे, असं असेल तर मधल्या वारचा साधा दिवस घ्या आणि सकाळी लवकर पोचा. दोन्ही एकाच फेरीत साधत नाही.

पुण्याहून हडपसर, दिवे घाट, सासवड असा सुमारे ५० किलोमीटरचा रस्ता आहे. एसटी मिळते. रेल्वेने यायचं तर पुणे–मिरज मार्गावर जेजुरी स्टेशन आहे, पण तिथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच, तेव्हा परतीची वेळ आधी बघून ठेवा. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी सासवडहून जेजुरीला मुक्कामाला येते. त्या एक-दोन दिवसांत स्वतःची गाडी घेऊन या रस्त्याला लागूच नका. मोरगावचा मयूरेश्वर इथून जवळच आहे, त्यामुळे अनेक जण एका दिवसात दोन्ही करतात. पण मग गडाच्याही वरचं कडेपठार सोडून द्यावं लागतं.

देव दोन ठिकाणी आहे

जेजुरी म्हणजे गावातून दिसणारा तटबंदीचा गड, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. त्याला गडकोट म्हणतात. खंडोबाचं मूळ ठाणं मात्र त्याच्याही वर, कडेपठारावर आहे. वय झालेल्या एका भक्ताला तो डोंगर चढवेना, म्हणून देवच खालच्या टेकडीवर आला, अशी कथा सांगतात. घरातल्या आजी-आजोबांना हीच कथा सांगायची: गडकोटावर दर्शन झालं की त्यांचं दर्शन पूर्ण झालं.

गडकोटाच्या पायऱ्या गाण्यांत नवलाख असल्या तरी प्रत्यक्षात चारशेच्या आत-बाहेर आहेत. दगडी, रुंद, मधूनमधून कमानी आणि दीपमाळा. सावकाश चढलं तरी अर्ध्या तासात माणूस वर पोचतो. कडेपठारची चढण खडी आहे. तिला तासभर धरा, प्रत्येकी लिटरभर पाणी घ्या आणि उन्हाळ्यात दहाच्या आत उतरायला लागा. दोन्ही करायचं असेल तर आधी कडेपठार करावं, मग गड. उलट क्रमाने गेलात तर दुपारचं ऊन डोक्यावर घेऊन खडी चढण चढावी लागते, आणि निम्मी मंडळी गडावरूनच परत फिरतात.

पायऱ्या चढताना

खंडोबाची कथा मल्हारी माहात्म्य या ग्रंथात आहे. मणी आणि मल्ल या दैत्य भावांनी मणिचूर्ण पर्वतावरच्या ऋषींना छळलं, तेव्हा शंकराने मार्तंड भैरवाचं, म्हणजे खंडोबाचं, रूप घेतलं. मणी शरण आला. त्याने आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि देवापाशी जागा मागितली, म्हणून गडावर मणीचीही पूजा होते. मल्ल शेवटपर्यंत लढला आणि देवाच्या नावात आपलं नाव राहावं एवढंच मागून मेला. मल्हारी हे नाव त्यावरून. ही लढाई संपली ती चंपाषष्ठीला.

लोककथेतला देव जास्त ओळखीचा वाटतो. त्याला दोन बायका आणि दोघींचं पटत नाही. म्हाळसा नेवाशाच्या वाण्याची लेक, तिचं लग्न पालीला लागलं. बाणाई चंदनपुरीची धनगरीण, तिच्यासाठी देवाने धनगराच्या घरी मेंढ्या राखल्या. म्हाळसा वर गडावर देवाशेजारी आहे आणि बाणाईचं देऊळ पायऱ्यांच्या निम्म्यावर. चढताना घाईत ते देऊळ ओलांडून जाऊ नका, दमही तिथेच खाता येतो. हेगडी प्रधानाचं देऊळही वाटेतच लागतं.

नवं जोडपं असेल तर नवऱ्याने नवरीला उचलून किमान पाच पायऱ्या चढायच्या, अशी रीत आहे. पाचच पुरतात. मित्रांच्या आरड्याओरड्याला भुलून वीस-पंचवीस चढायला जाऊ नये, कारण भंडाऱ्याने माखलेला दगड जरा ओला झाला की शेवाळल्यासारखा निसरडा होतो. उतरताना तर कडेच्या बाजूने, एक-एक पायरी घेतच उतरावं. पावसाळ्यात आणि भल्या पहाटे, दव असताना, जास्त जपावं. दुपारी हाच दगड अनवाणी पायाला भाजतो. जाड सुती मोजे पिशवीत असू द्या.

भंडारा आणि खोबरं

जेजुरीत तब्येतीच्या बऱ्याच तक्रारी वाईट भंडाऱ्याने होतात. भंडारा म्हणजे हळदीची पूड. यात्रेच्या दिवसांत मात्र रंग घातलेली पिवळी भुकटीही त्याच नावाने खपते. तिने डोळे चुरचुरतात, अंगाला खाज सुटते. सोपी परीक्षा अशी: पेलाभर पाण्यात चमचाभर पूड टाका आणि न ढवळता थांबा. चांगली हळद तळाशी बसते, पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळंजर्द झालं तर त्यात रंग आहे. लिंबाचा रस टाकल्यावर पूड फसफसली तर त्यात खडूची भेसळ आहे. सगळ्यात बरं म्हणजे घरूनच दळलेली हळद नेणं. चार-पाच माणसांना तळीसाठी पाव किलो आणि उधळायला पाव किलो पुरते.

सुक्या खोबऱ्याच्या तीन-चार वाट्या घ्या आणि उधळायच्या खोबऱ्याचे घरीच बारीक तुकडे करून ठेवा. वरून भिरकावलेली अख्खी वाटी खालच्या माणसाच्या डोक्यात बसते. डोळ्यांत लेन्स लावत असाल तर त्या दिवशी चष्मा लावा. भंडारा डोळ्यात गेला तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा. दम्याच्या माणसाला नाकावर रुमाल बांधून, उधळण चालू असेल तिथून लांबून न्यावं. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. कपडे जुने चालतील, तोकडे नकोत.

वर गेल्यावर

आज दिसतो त्या गडाची तटबंदी आणि ओवऱ्या यांत होळकरांचा वाटा मोठा. सुभेदार मल्हारराव १७६६ मध्ये वारले. राहिलेलं काम तुकोजी होळकरांनी पुढे नेलं. गावातल्या होळकर तलावाकाठी मल्हाररावांच्या स्मरणार्थ बांधलेलं शिवमंदिर आहे. गडाइतकी गर्दी तिथे नसते, तरी कोरीव काम बघण्यासाठी अर्धा तास काढावा.

देवळासमोर पितळी पत्र्याने मढवलेलं मोठं कासव आहे. तळी भरतात ती त्याच्यावर. गाभाऱ्यात खंडोबा आणि म्हाळसा यांची स्वयंभू लिंगं आहेत, मूर्ती त्यांच्या मागे. रांगेतला माणूस मूर्तींकडे बघत पुढे सरकतो आणि खाली बघायचं राहून जातं. गाभारा कधी दुरुस्तीसाठी बंद असतो, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा.

तळीसाठी लागतं ते एवढं: तामण, विड्याची पाच पानं, पाच सुपाऱ्या, खोबरं, भंडारा आणि नाणं. दिवटी-बुधली (छोटी मशाल आणि तिचं तेलाचं भांडं) घरची असेल तर तीही न्या, सोबत तेलाची छोटी बाटली. तामणात पानं मांडून प्रत्येकावर सुपारी, खोबऱ्याचा तुकडा आणि चिमूटभर भंडारा ठेवतात. घरातले पुरुष विषम संख्येने, बहुधा पाच, भोवती बसतात, सगळे तामणाला हात लावतात आणि ‘येळकोट येळकोट जय मल्हार’, ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत ते तीनदा उचलतात. मग एकमेकांच्या कपाळी भंडारा लावायचा आणि खोबरं वाटायचं. तामणाखाली काय ठेवायचं, टोपी की पान, आणि कितीदा उचलायचं हे घराण्यागणिक बदलतं. ते गडावर कुणाला विचारण्यापेक्षा निघण्याआधी चुलत्यांना नाहीतर आत्याला फोन करून विचारा. दक्षिणेचंही तसंच: पूजा सांगणाऱ्याशी आकडा आधी ठरवा, नंतर घासाघीस नको.

सोमवती, दसरा, चंपाषष्ठी

सोमवतीला देवाची पालखी गडावरून उतरून कऱ्हा नदीवर स्नानाला जाते. निघण्याची वेळ अमावास्या कधी लागते यावर ठरते, म्हणून मागच्या सोमवतीची वेळ धरून येऊ नका. पायऱ्यांवर उभं राहून पालखी बघण्याच्या भानगडीत लहान मुलांना घेऊन पडू नये. नदीच्या वाटेवर मोकळी जागा मिळते. दसऱ्याच्या रात्री गडाची आणि कडेपठारची पालखी डोंगरातल्या रमण्यात भेटतात, आणि सकाळी गडावर सुमारे ४२ किलोचा खंडा, म्हणजे तलवार, उचलण्याच्या, दातांत धरण्याच्या कसरती चालतात. हे बघायचं तर मुक्कामालाच यावं लागतं.

चंपाषष्ठीचा नैवेद्य भरीत-रोडग्याचा. चातुर्मासात वांगी, कांदा-लसूण बंद ठेवणारी घरं त्या दिवशी ते पुन्हा सुरू करतात. हा नैवेद्य घरीच करावा. गडावर नेईपर्यंत भरताला पाणी सुटतं. कुत्र्याला घास काढून ठेवायला विसरू नका.

घरी आल्यावर

गाडीत बसण्याआधी कपडे झटका आणि सीटवर जुनी चादर टाका. भंडाऱ्याचे कपडे वेगळे धुवा. आधी कोरडेच झटकून थंड पाण्यातून काढा, मग साबण लावा. साबण लागताच पिवळा डाग एकदम लालभडक होतो. हळदीला क्षार लागला की असं होतंच, त्यात कापड खराब झालेलं नसतं. भरपूर पाण्याने खळबळून कडक उन्हात वाळत घाला. हळदीचा रंग उन्हाने उडतो, पहिल्या धुण्यात उरलेला डाग दोन-तीन उन्हांत फिकट होऊन जातो.