सामन्यातलं प्रेसिंग आणि बगलेचा खेळ कसा वाचायचा

फुटबॉल सामन्यात गोल झाला की वाहिनी तो पुन्हा पुन्हा दाखवते, पण दाखवते ते शेवटचे पाच-सहा सेकंद. चेंडू मुळात कुठे हिरावला गेला आणि त्या वेळी पलीकडच्या बगलेत कोण मोकळा उभा होता, हे त्या तुकड्यात नसतं. विश्लेषणाला नेमकं तेच लागतं.

प्रेसिंग (चेंडू असलेल्या संघावर धावून जाऊन तो हिसकावण्यासाठी टाकलेला दबाव) आणि बगलेचा खेळ (मैदानाच्या कडेने केलेला हल्ला) हे दोन स्वतंत्र विषय असल्यासारखं बोललं जातं. माझ्या मते दोन्हींची गाठ एकाच जागी पडते: टचलाइनजवळ, म्हणजे मैदानाच्या लांब कडेच्या रेषेजवळ, फुलबॅककडे (बचावफळीतल्या कडेच्या खेळाडूकडे) चेंडू पोहोचतो तेव्हा. प्रेस करणाऱ्याला चेंडू तिथेच हवा असतो, कारण तिथे एका बाजूने रेषाच वाट अडवते. बगलेतून खेळणाऱ्यालाही तो तिथेच हवा असतो, कारण त्यामुळे समोरच्याची फळी ताणली जाते. दोघांपैकी कोणाचा हिशेब खरा ठरतोय, ते शोधायचं.

तयारी

सामन्याचं रेकॉर्डिंग, कागद आणि पेन पुरे. मैदानाचा आयत काढा आणि एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत जाणारे पाच पट्टे पाडा: कडेच्या दोन बगला, मधला पट्टा आणि त्यांच्या दरम्यानचे दोन, ज्यांना हाफ-स्पेस म्हणतात. एका वेळी एकच संघ बघा. दोन्ही संघ एकदम बघू गेलात तर थोड्याच वेळात नजर पुन्हा चेंडूमागे धावू लागेल.

पायरी १: गोलकिकपासून सुरुवात करा

हल्ला करणाऱ्यांकडून चेंडू गोलरेषेबाहेर गेला की बचाव करणारा संघ आपल्या गोलजवळून मारतो ती गोलकिक. तेव्हा खेळ थांबलेला असतो, त्यामुळे प्रेसिंगची मांडणी स्वच्छ दिसते. 2019 पर्यंत गोलकिकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर गेल्यावरच खेळात येत असे. आता किक बसून चेंडू हलला की झालं. म्हणून बचावपटू क्षेत्राच्या आतच पास घ्यायला उभे राहतात आणि समोरचे आघाडीपटू बाहेर रेषेवर टपून असतात.

तीन गोष्टी टिपा. किती जण वर आलेत? ते माणूस धरतायत, म्हणजे एकेका प्रतिस्पर्ध्याला चिकटतायत, की जागा? आणि मोकळं कोणाला सोडलंय? प्रेस करणाऱ्या संघाचा गोलरक्षक आपल्या गोलपाशी असतो, तर चेंडू असलेल्या संघाचा गोलरक्षक पासिंगमध्ये भाग घेतो. त्यामुळे कोणीतरी एक मोकळा राहतोच. तो कोण असावा, हे प्रशिक्षकाने बहुधा आधीच ठरवलेलं असतं. पासिंगमध्ये कच्चा असलेला सेंटर-बॅक (बचावफळीतला मधला खेळाडू) वारंवार मोकळा दिसला, तर ते आमिष समजा.

पायरी २: इशारा ओळखा

चांगला संघ सतत धावत नाही. तो वाट बघतो आणि एखादी खूण मिळाली की सगळे मिळून तुटून पडतात. नेहमीच्या खुणा अशा: मागे दिलेला पास, अंगापासून लांब उडालेला पहिला स्पर्श, उसळत आलेला चेंडू, पाठ करून चेंडू घेणारा मधल्या फळीतला खेळाडू आणि सर्वांत जास्त वेळा, फुलबॅककडे गेलेला पास.

इथे धावण्याच्या वेगापेक्षा धावण्याची वाट बघा. आघाडीपटू सरळ धावला तर सेंटर-बॅक त्याच्या बाजूने मधे पास देऊन मोकळा होतो. तोच वळसा घेऊन आला, तर पुढे सरकतानाच तो मागचा एक पास झाकून टाकतो आणि चेंडूला बगलेकडे जाण्यावाचून पर्याय उरत नाही. चेंडू फुलबॅककडे आला की रेकॉर्डिंग थांबवा. त्याला पुढे, आत आणि मागे मिळून किती पास मोकळे आहेत ते मोजा. एकही नसेल तर प्रेस जमलं. आत एक जरी सापडला, तर पळणारे सगळे फुकट दमतायत.

पायरी ३: मागची फळी बरोबर येते का?

बहुतेक प्रेस पुढे फसत नाही, मागे फसतं. पुढचे तिघे धावून जातात आणि बचावफळी आपल्या क्षेत्राजवळच थांबते. मग मधे एवढं मैदान उघडं पडतं की एका पासमध्ये अख्खं प्रेस मागे टाकता येतं. आरिगो साक्की प्रशिक्षक असलेल्या इटलीतल्या मिलान क्लबने 1989 आणि 1990 मध्ये लागोपाठ युरोपियन कप जिंकला. शेवटचा बचावपटू आणि पुढचा आघाडीपटू यांच्यात साधारण 25 मीटरच अंतर हवं, हा त्यांचा आग्रह प्रसिद्ध आहे. चित्र थांबवून मैदानावरच्या खुणांवरून हे अंतर अंदाजे काढता येतं.

आकडेवारीत पीपीडीए (बचावाच्या एका कृतीमागे किती पास) नावाचं माप भेटेल. प्रतिस्पर्ध्याने आपल्या गोलच्या बाजूच्या सुमारे 60 टक्के मैदानात दिलेले पास भागिले तिथेच प्रेस करणाऱ्या संघाने केलेल्या टॅकल, इंटरसेप्शन, फाउल वगैरे बचावाच्या कृती, असा तो हिशेब. आकडा जितका कमी तितकं प्रेसिंग जास्त. पण समोरचा संघ थेट लांब चेंडू मारत असेल तर पासच कमी होतात आणि आकडा आपोआप खाली येतो. आकडा बघा, त्यावर निकाल देऊ नका.

पायरी ४: रुंदी कोण राखतंय?

आता चेंडू असलेल्या संघाकडे वळा. मोठ्या सामन्यांत मैदान बहुधा 68 मीटर रुंद असतं. चौघांच्या बचावफळीला ते एकाच वेळी पुरं झाकता येत नाही. प्रत्येक हल्ल्यात डाव्या आणि उजव्या टचलाइनला कोण आहे, ते लिहा. विंगर (बगलेतला आघाडीपटू) कडेला थांबला तर फुलबॅक बहुधा आतून धावतो, त्याला अंडरलॅप म्हणतात. विंगर आत शिरला तर फुलबॅक बाहेरून ओव्हरलॅप करतो. दोघेही आत गेले तर ती बगल मेली आणि दोघेही कडेला चिकटले तर ते एकमेकांच्या वाटेत येतात.

यासाठी 1970 च्या विश्वचषक अंतिम सामन्यातला ब्राझीलचा चौथा गोल अवश्य बघा. इटली माणूस धरून खेळत होती. उजव्या बगलेचा जाइर्झिन्हो डावीकडे सरकला आणि त्याच्यामागोमाग त्याला धरणारा इटलीचा बचावपटू फाकेत्तीही गेला. उजवी बगल ओस पडली. पेलेने चेंडू अलगद तिकडे सोडला आणि मागून धावत आलेल्या कार्लोस आल्बेर्तोने तो जाळ्यात मारला. बगल वापरायची म्हणजे तिथे माणूस उभा करायलाच हवा असं नाही, कधी ती रिकामी करून ठेवावी लागते.

पायरी ५: क्रॉस मोजू नका, त्याची जागा लिहा

बगलेतून गोलसमोर टाकलेला चेंडू म्हणजे क्रॉस. ‘तीस क्रॉस टाकले’ यातून फारसं काही कळत नाही. दूर मागून उंच टाकलेला क्रॉस बचावपटूंना आवडतो, कारण चेंडू त्यांच्या समोरून येतो. गोलरेषेपर्यंत जाऊन मागे सरपटत दिलेला कटबॅक त्यांना नको असतो. ते आपल्या गोलकडे तोंड करून धावत असतात आणि मागून येणारा खेळाडू त्यांना दिसत नाही. प्रत्येक क्रॉसची फुली कागदावर करा, कटबॅकसाठी वर्तुळ काढा. मध्यंतरापर्यंत नुसत्या फुल्याच जमल्या असतील, तर त्या संघाला बगलेत ढकलून दिलंय, तो आपखुशीने तिथे गेलेला नाही.

पायरी ६: चेंडू गेल्यानंतरचे पाच सेकंद

बगलेत चेंडू गमावला की जवळचे लगेच झडप घालतात का? 7 मे 2019 रोजी लिव्हरपूलने बार्सिलोनाला 4-0 ने हरवलं, त्यातला दुसरा गोल या प्रकारचा आहे. उजव्या बगलेत अलेक्झांडर-अर्नोल्डकडून चेंडू गेला, त्याने तो जॉर्डी आल्बाकडून तिथेच परत हिसकावला आणि वाइनाल्डमसाठी आत टाकला. प्रतिस्पर्धी हल्ल्यासाठी पसरायच्या बेतात असतो, म्हणूनच तेव्हा गेलेला चेंडू महाग पडतो. झडप न घालता सगळे मागे पळत असतील तर तेही लिहा. मागे किती जण राखून ठेवलेत यावर ते बरंचसं अवलंबून असतं.

पायरी ७: साठाव्या मिनिटानंतर पुन्हा बघा

प्रेसिंग दमवतं आणि गोलफरकानुसार बदलतं. आघाडीवर असलेला संघ आपणहून मागे सरतो, त्याला लगेच थकवा म्हणू नका. पहिल्या पंधरा मिनिटांतल्या तीन गोलकिक आणि साठाव्या मिनिटानंतरच्या तीन गोलकिक एकापाठोपाठ लावून बघा. पुढचे लोक तितकेच वर असतील पण वळसा न घेता सरळ धावत असतील, तर पाय दमलेत. सगळी फळीच वीसेक मीटर मागे असेल तर तो बाकावरून आलेला आदेश. नवा विंगर आत आला असेल तर त्याच्या बाजूच्या फुलबॅकसाठी कागदाची कोरी बाजू घ्या आणि चौथ्या पायरीपासून पुन्हा लिहा.