गुडघ्याची वाटी सरकल्यास काय करावे

गुडघ्याची वाटी सरकली की मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात दोन सल्ले हमखास मिळतात: एक, हाडवैद्याकडून ओढून बसवून घ्या, आणि दोन, मग महिना-दीड महिना पाय हलवू नका. हे सल्ले ऐकून आलेल्या तरुणांच्या वाळलेल्या मांड्यांवर मी वर्षानुवर्षे काम करत आलो आहे, त्यामुळे या दोन्हींविषयी माझ्याकडे आता फारसा संयम उरलेला नाही.

कप्पीच्या खाचेतून दोर सरकावा तशी वाटी मांडीच्या हाडाच्या खोबणीतून वर-खाली सरकते. कबड्डीत चढाई करताना पाय जमिनीत रोवलेला, गुडघा किंचित वाकलेला आणि अंग अचानक वळले की ती खोबणीबाहेर, बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूला, जाते. गुडघा वाकलेल्या स्थितीत अडकतो, बाहेरच्या अंगाला उंचवटा दिसतो आणि जिथे वाटी असायला हवी तिथे खळगा दिसतो. मात्र वाटीऐवजी सगळा गुडघाच वेडावाकडा दिसत असेल, पाऊल गार किंवा पांढरे पडले असेल किंवा बधिर झाले असेल, तर रक्तवाहिनी दुखावलेली असू शकते आणि अशा वेळी एक मिनिटही दवडू नये.

मैदानावर वाटी बसवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. गुडघा ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत त्याखाली घडी केलेली वाकळ द्यावी, टॉवेलात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवावा आणि १०८ ला फोन करावा. तेल लावून चोळणे, गरम लेप देणे किंवा आवळून गरम पट्टी बांधणे यांपैकी काहीही करू नये. भूल द्यावी लागण्याची शक्यता असते, म्हणून खायला देऊ नये.

पुष्कळदा रुग्णाला उचलताना पाय सरळ होतो आणि वाटी आपोआप जागेवर जाते. मग सगळे म्हणतात, ‘बसली की, आता दवाखाना कशाला?’ इथेच फसगत होते. वाटी बाहेर जाताना तिला आतून धरून ठेवणारा अस्थिबंध बहुधा फाटतो, आणि परत येताना कधी कधी कूर्चेचा किंवा हाडाचा तुकडा उडून सांध्यात मोकळा पडतो. काही तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत रक्त साचले आहे असे समजावे. वाटी बसलेली असो वा नसो, एक्स-रे काढलाच पाहिजे, आणि तुकड्याची शंका असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा एमआरआयसाठी लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठण्याचा कंटाळा करू नये.

वाटी अडकलेलीच असेल तर डॉक्टर वेदनाशामक देऊन, पाय हळूहळू सरळ करत, तिला आतल्या बाजूला हलकेच ढकलतात. त्यानंतर साधारणपणे दोन-तीन आठवडे ब्रेस आणि कुबड्या असतात. पायावर किती भार द्यायचा हे त्यांनाच विचारावे.

आता खरा अवघड टप्पा. तो नीट शिकवणे मलाही बराच काळ जड गेले, कारण इथे रुग्णाला ताकद लावायला सांगून काहीच होत नाही. सांध्यात सूज असली की मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारा मज्जातंतूंचा आदेशच मंदावतो. माणूस मनापासून जोर लावतो आणि स्नायू ढिम्म राहतो. वाटीच्या वर, आतल्या बाजूला थेंबाच्या आकाराचा जो भरीव भाग असतो, तो बघता बघता सपाट होतो. फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी वाटीला आत धरून ठेवण्याचे काम याच स्नायूला करायचे असते, म्हणून डॉक्टरांची परवानगी मिळताच, ब्रेस सुटण्याची वाट न पाहता, त्याला जागे करायला लागावे.

पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, पावलाची बोटे स्वतःकडे ओढावीत आणि गुंडाळी खाली दाबून पाच ते दहा सेकंद धरावी. असे दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा करावे. सांगायला हे सोपे आहे, पण जवळजवळ प्रत्येक जण नितंब आवळतो, टाच रेटतो किंवा श्वास कोंडून तोंड लाल करतो, आणि व्यायाम झाला असे मानतो. त्यासाठी दोन बोटे त्या थेंबाच्या भागावर ठेवावीत आणि आधी चांगल्या पायावर करून पाहावे. बोटांखाली स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि वाटी मांडीकडे किंचित वर सरकताना डोळ्यांना दिसते. दुखऱ्या पायावर हे दोन्ही होत नसेल, तर तो व्यायाम झालेला नाही, मोजणी कितीही झाली असली तरी. आधी बर्फाने सूज उतरवून पुन्हा करावे, आणि तरीही जमले नाही तर फिजिओथेरपिस्टकडे विजेच्या सौम्य झटक्यांनी स्नायू आवळवून घ्यावा.

हे जमल्यावरच सरळ पाय उचलायचा. उचलताना गुडघा जरासाही वाकला, तर मागच्या टप्प्यावर परत जावे. रोज शंभर बैठका मारा असे सांगणाऱ्या उस्तादांपासून आणि जिममधल्या वजनाच्या खुर्चीपासून या काळात लांबच राहावे. नांगरलेल्या रानातल्या ढेकळांवरून चालणे आणि मोटारसायकलला किक मारणेही बंद ठेवावे, कारण दोन्हींत पाऊल अडकते आणि अंग वळते.

पुढे कुशीवर झोपून पाय वर उचलणे, अर्ध्या बैठका आणि एका पायावर तोल सांभाळणे हे क्रमाने येते.

मैदानावर परतायला साधारण तीन-चार महिने लागतात, पण मी कॅलेंडरपेक्षा शिंप्याच्या टेपवर विश्वास ठेवतो. वाटीच्या वरच्या कडेपासून १० सेंटिमीटरवर दोन्ही मांड्यांचा घेर जवळपास सारखा भरला पाहिजे, सूज नसली पाहिजे आणि एका पायावर अर्धे बसताना गुडघा आत झुकता कामा नये.

एवढे करूनही पहिल्यांदा वाटी सरकलेल्या साधारण तीनपैकी एकाची ती पुन्हा सरकते, आणि कोवळ्या वयात हा धोका जास्त असतो. वारंवार सरकू लागली किंवा सांध्यात मोठा तुकडा सापडला, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्यात बहुधा मांडीच्या मागच्या स्नायूची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) घेऊन आतला अस्थिबंध नव्याने तयार करतात. शस्त्रक्रियेची तारीख ठरली म्हणून टॉवेलचा व्यायाम सोडू नये, कारण भरलेल्या मांडीने टेबलावर गेलेला रुग्ण कुबड्या लवकर सोडतो.